ओल किती ठेवायची

लतीफ खतीब गुरुवारी बरणी आणतो
जुर्फच्या दवाखान्यातून, गाडीच्या डिकीत,
झळ लागू नये म्हणून जुन्या टॉवेलात गुंडाळून.
"घ्या बाई, सतरा. एक फुटकी हाय, ती धरू नका."
मग सही होईपर्यंत खिडकीशी उभा राहून
हर्णैला आज पापलेट काय भावानं गेलं ते सांगतो,
जणू मी अजमानहून आत्ता पिशवी घेऊन निघणार आहे.

सतरा दाढा. नावं नाहीत.
भरून घ्यायला चारशे दिरहम लागतात,
काढून टाकायला साठ.
बरणी रिकामी राहत नाही.

काम सांगते.
हिऱ्याच्या पात्यानं दाढ कापायची, पाणी सोडत,
सहाशेच्या कागदावर घासायची.
वरचं पांढरं ते इनॅमल. त्याला आम्ल लावायचं,
तीस मोजायचे, धुवायचं, आणि वाळवायचं खुशाल,
खडूसारखं फटफटीत होईपर्यंत. मग ते गोंदाला धरतं.

खालचं डेंटिन तसं नाही.
पिवळसर, बारीक नळ्यानळ्यांचं,
कधीकाळी थेट ठणक्यापर्यंत पोचलेलं.
हवेचा झोत जरा जास्त झाला
की त्यातले धागे मिटून एकमेकांवर पडतात,
आणि गोंद वरवर राहतो, उंबऱ्यातल्या पाहुण्यासारखा.
ओल जास्त राहिली तरी तेच.
मग किती ठेवायची?
प्रोफेसर हुदा म्हणतात, चमकायला हवी, साचायला नको.
हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही.
मला कळायला दोन वर्षं लागली,
आणि फोनवर अजून कळत नाही.
आई "बरी आहेस ना" म्हणते, आणि मी एकतर
कोरडी ठक्क, नाहीतर
असो.

नंतर दोन टाक्या. पाच अंशांत अर्धा मिनिट,
पंचावन्न अंशांत अर्धा मिनिट, पाच हजार फेऱ्या.
म्हणजे तोंडातले सहा महिने, असा हिशेब.
लतीफला दाखवलं तर हसला.
"गाडीत एसी, भाईर ऑगस्ट. आमी रोज करतो की."

नवव्या दाढेच्या मानेशी काळी रेघ होती.
चहाची नव्हे, सुपारीची नव्हे. मशेरी.
डाव्या तळहातावर घेऊन, तर्जनीनं, अंधार असताना,
न्हाणीच्या दगडावर उकिडवं बसून.
इथे कोणी सुटीवरून येताना पुडी आणली असणार,
कपड्यांच्या घडीत, बॅगेच्या तळाशी.
बाईची की पुरुषाची, दाढ सांगत नाही.
मी रेघ घासली. घासावीच लागते.
कागदावर तपकिरी ओघळ आला, आणि वासही आला
असं वाटलं; क्लोरामिनच्या वासात तो येणं शक्य नाही.

यंत्राची सुरी मिनिटाला एक मिलिमीटर उतरते.
पडद्यावर आकडा चढतो. दहा. चौदा. एकोणीस मेगापास्कल.
बहुतेक इथेच सुटतात.
नववी सुटेना. सव्वीस. एकतीस.
मी स्टुलावरून उठले, उगाचच.
मग काट्.

भिंगाखाली पाहिलं, तर जोड शाबूत.
डेंटिनचाच टवका निघालेला, गोंदाला चिकटून.
दात तुटला होता, धरलेलं सुटलं नव्हतं.

अशांना तक्त्यात वेगळा रकाना आहे.
सरासरीत ते घेत नाहीत.
ही जोडाची ताकद नव्हे, दाताची, हुदा म्हणाल्या.
बरोबरच आहे.
सगळ्यात मोठ्या आकड्यावर मी रेघ मारली.

पुढच्या गुरुवारी लतीफचा गाल सुजलेला.
"काढून टाकतो म्हनलं. शनवारी."
भरून घ्या, मी म्हटलं.
"चारशे, बाई."
मला जित्या माणसाच्या तोंडात हात घालायचा परवाना नाही.
बरणीवर तारीख घातली. अकरा, त्यानं बोटांनी दाखवलं.
तो वळला तेव्हा मीच विचारलं,
आणि पापलेट?
गाल धरून, एका बाजूनं,
त्यानं भाव सांगितला.